वाट खचली तरी औषध पोहोचावे



22 जुलै 2021 रोजी तळीयेवर दरड कोसळली. ऐंशीहून अधिक जीव गेले. महाडला पुराचा वेढा, वाटा बंद. बचावपथक पोहोचण्यास दुसरा दिवस उजाडला.

त्याच वर्षी डिसेंबरात पालघर जिल्ह्यातील जव्हारहून दुर्गम झाप गावी ड्रोन या वैमानिकरहित यंत्राने कोविड लसीच्या 300 मात्रा सुमारे दहा मिनिटांत नेल्या. डोंगराळ, निर्धन रवांडात तर 2016 पासून अशी याने रुग्णालयांच्या अंगणात रक्ताच्या पिशव्या अलगद सोडतात.

ढिगाऱ्याखालचा मनुष्य ते यंत्र उचलणार नाही. कोकणच्या मुसळधार पावसात त्याचे उड्डाणही दुष्करच. परंतु पाऊस ओसरताच, रस्ता मोकळा होण्यापूर्वी, वरंधच्या वाड्यांवर सर्पदंशावरील प्रतिविष ते पोहोचवू शकेल. त्यासाठी औषधसाठा आणि यंत्र चालविणारे प्रशिक्षित तरुण मात्र ज्येष्ठातच सिद्ध हवेत.