चालता चालता वाचता येईल असं
(कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषणाचा मजकूर)

मैत्रिणींनो,

पत्रिकेत माझ्या विषयाला 'तंत्रज्ञान' म्हटलंय, पण सुरुवात मी एका भिंतीपासून करते. आमच्या वस्तीत रेशन दुकानाशेजारी ही भिंत आहे. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याची माहिती आम्ही तिथे साध्या ए-फोर कागदावर लावायचो. तो कागद वाचून कुणी आमच्याकडे आली, असं झालंच नाही. शेवटी एक बाई म्हणाली, "ताई, तिथं उभं राहून वाचायचं कसं? सासू रांगेत असते."

आमच्या डोक्यात हे आलंच नव्हतं. तो कागद वाचायला थांबणं म्हणजे आपल्या घरात काय चाललंय ते चारचौघांत सांगणं. बाईला तो चालता चालता, दहा पावलांवरून, मान न वळवता वाचता यायला हवा. म्हणजे अक्षर मोठं हवं, आणि त्यासाठी कागदही.

मोठ्या कागदासाठी आपण प्रेसवर जातो. एकदा 7 मार्चच्या संध्याकाळी पोस्टरं हातात आली, तर 'नवऱ्याने मारणं हा गुन्हा आहे' याच्या जागी छापलेलं, 'घरात शांती नांदो'! मालक म्हणाले, "जरा सौम्य केलं, ताई." ते भले गृहस्थ होते, हे मुद्दाम सांगते. त्या वर्षी आम्ही वर्गणी काढून ए-थ्री छापणारा प्रिंटर घेतला. तो एका मैत्रिणीच्या घरी, शिलाई मशीनच्या टेबलावर असतो.

ए-थ्री म्हणजे दोन ए-फोर शेजारी शेजारी, 297 बाय 420 मिलिमीटर. घरात जागा मोजूनच प्रिंटर आणा. आमच्यात कागद मागून उभा आत जातो आणि पुढे आडवा येतो. मागे भिंतीपासून वीतभर, पुढे हातभर मोकळं लागतं. पहिल्या दिवशी आमची पोस्टरं थेट पिठाच्या डब्यावर उतरली. खालचा ट्रे असेल तर त्यात ए-थ्री मावतो का, तेही दुकानातच विचारा. काहींत तिथे फक्त ए-फोर मावतो.

आता सगळ्यांचं अडतं ती जागा. कागदाचा आकार तीन ठिकाणी सांगावा लागतो: मजकूर तयार करताना पानाला, छापायची आज्ञा देताना येणाऱ्या खिडकीत, आणि प्रिंटरच्या स्वतःच्या पडद्यावर. यातल्या एका जागी जरी ए-फोर राहिलं, तर मोठ्या कागदाच्या कोपऱ्यात छोटं पोस्टर उमटतं, नाहीतर अर्धं वाक्य कापलं जातं. आमचे पहिले अकरा कागद असेच गेले. प्रिंटर बिघडला म्हणून आम्ही दुरुस्तीवाल्याला बोलावणार होतो!

जुनं ए-फोर पत्रक मोठं करायचं असेल तर 141 टक्के घाला. ते ए-थ्रीवर नेमकं बसतं. अक्षरं मोठी होऊनही रेखीव राहतात, फोटो मात्र फाटतो. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून आलेलं चित्र वापरू नका, डॉक्युमेंट म्हणून मागवा. आणि फाइल पीडीएफ करताना फॉन्ट आत बसलाय ना ते बघा. नाहीतर दुसऱ्या संगणकावर जोडाक्षरं सुटतात, 'हक्क' मोडून पडतो. चारी बाजूंनी सेंटिमीटरभर कोरं सोडा. बहुतेक प्रिंटर काठापर्यंत छापत नाहीत.

शाईचं नीट ऐका. घरगुती टाकीवाल्या बऱ्याच प्रिंटरांत काळी शाई पिगमेंटची असते, पाण्याला त्यातल्या त्यात टिकते. रंगीत शाई मात्र डायची असते, ती पहिल्या पावसात ओघळते. बाटलीवर वाचून खात्री करा. आम्ही मुख्य वाक्य आणि फोन नंबर काळ्यातच ठेवतो, रंग फक्त चित्राला. नंबर ओघळलेलं पोस्टर काय कामाचं? कागद 80 जीएसएमचा घेतला तर भरपूर शाईने सुरकुततो. 100 च्या पुढचा घ्या. पावसाळ्यात रीम प्लास्टिकमध्ये बांधून आडवी ठेवा. दमट कागद वळतो आणि आत अडकतो.

मोठा प्रिंटर परवडत नाही? ए-फोरवरही भागतं. अ‍ॅक्रोबॅट रीडरमध्ये छापताना 'पोस्टर' असा पर्याय येतो. तो एका चित्राचे तुकडे करून वेगवेगळ्या ए-फोरवर छापतो. चार ए-फोर जोडले की ए-टू होतो. कडा एकमेकींवर थोड्या चढतील एवढी जागा सोडा आणि खळ लावा. सांधा अक्षराच्या मधून जाऊ देऊ नका.

एक कायद्याचं. लोकसभा-विधानसभेच्या निवडणुकीतल्या पोस्टरवर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता हवाच, असं 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम 127-अ सांगतं. हाताने नक्कल करणं सोडून कुठल्याही प्रकारे प्रती काढणं त्यात छपाईच धरलंय. म्हणजे घरचा प्रिंटरही त्यात आला. मैत्रिणीसाठी प्रचाराचं पोस्टर काढाल तेव्हा हे विसरू नका.

आता बोलणं पुरे. प्रिंटर मागच्या खोलीत लावलाय, दहा कागद घातलेत. ज्यांनी मजकूर आणलाय त्या पुढे या. पोस्टर निघालं की ते व्हरांड्याच्या टोकाला धरा. बाकीच्यांनी इकडून चालत जायचं, थांबायचं नाही, आणि काय वाचता आलं तेवढंच सांगायचं.