शरीर थकतं, फड चालतो



भवानीनगरच्या परिसरात जत्रा म्हटलं,
की तमाशा आलाच.

दसऱ्याला तमाशाचा फड बाहेर पडतो.
वैशाखापर्यंत गावोगाव फिरतो.
दिवसा प्रवास, रात्री खेळ.

वय वाढलं, की आधी गुडघे कुरकुरतात.
मग कंबर. मग गळा.

पण श्रोतेहो,
शरीर थकलं, तरी कला सुटत नाही.
फक्त भूमिका बदलते.

ज्येष्ठ नर्तकी लावणी तरुण मुलींकडे सोपवते.
स्वतः वगात उभी राहते.
तिथे पायांपेक्षा संवादाची फेक मोलाची.

कांताबाई सातारकरांनी वगात पुरुषांच्या भूमिकाही गाजवल्या.
विठाबाई नारायणगावकरांच्या कन्या मंगला बनसोडे
साठीनंतरही फड घेऊन फिरत राहिल्या.

लोकशाहीर विठ्ठल उमप यांना 2010 मध्ये,
नागपूरच्या दीक्षाभूमीवर,
कार्यक्रमातच मृत्यूने गाठलं.
तेव्हा ते 79 वर्षांचे होते.

पुन्हा सांगते,
शरीर थकलं, तरी कला सुटत नाही.

मात्र औषधपाणी सुटता कामा नये.
त्या खर्चाला हातभार म्हणून ज्येष्ठ कलावंतांसाठी राज्य शासनाची मानधन योजना आहे.
तुमच्या गावात असे कलावंत असतील,
तर त्यांना अर्ज भरायला मदत करा.
आणि जत्रेतला तमाशा तिकीट काढूनच पाहा.