लांबलेले दुखणे आणि नोकरी



घरातला कर्ता माणूस मुंबईला किंवा पुण्याला नोकरीवर असतो. चार दिवसांचा ताप असला तर तो खोलीवरच काढतो. पण डॉक्टर महिन्यांची भाषा बोलू लागले की त्याला गाव आठवतो. गावी आई असते, वेळेवर पेज मिळते, मोकळी हवा असते. तो गावी येतो यात काही वावगे नाही. मात्र इकडे त्याची शुश्रूषा चाललेली असताना तिकडे त्याच्या नोकरीचे काय होते, याकडे आपले लक्ष नसते. त्याविषयी आज थोडे बोलायचे आहे.

माझे धाकटे चुलते ठाण्याच्या बाजूला एका कारखान्यात होते. मी नववीत असताना त्यांना क्षय झाला. रात्रीची गाडी धरून ते गावी आले आणि आठ महिने राहिले. औषधे नेमाने घेतली, बरे झाले, अंगावर मांस चढले. मग धुतलेले कपडे घालून कामावर गेले, तर दारावरच्या पहारेकऱ्याने सांगितले, “काका, तुमचं नाव पटावर नाही.” कारखान्याने मध्यंतरी दोन रजिस्टर पत्रे पाठविली होती. दोन्ही इंग्रजीत. आजीने अंगठा देऊन ती घेतली आणि देवाच्या फळीवर ठेवली. टपालाने आलेला कागद महत्त्वाचा असतो, एवढे तिला ठाऊक होते. शाळेचे मास्तर मे महिन्याच्या सुटीत आपल्या गावी गेलेले. ते आले की वाचून घेऊ, असे म्हणता म्हणता ते राहूनच गेले.

मी पुष्कळ वर्षे त्या कारखान्याला बोल लावला. पुढे अर्थशास्त्र शिकवायची वेळ आली, कामगार कायदे वाचावे लागले, तेव्हा मालकाची अडचणही कळू लागली. माणूस आजारी पडला म्हणून यंत्र थांबत नाही. मुंबईच्या गिरण्यांत यासाठी बदली कामगार असत. पाळीच्या वेळी ते दाराशी उभे राहत. ज्याचा खाडा झाला असेल त्याच्या मागावर त्यांना लावीत. एकाचे दुखणे ती दुसऱ्याची भाकरी, असा तो प्रकार. परंतु खाडा आठवड्याचा आहे की वर्षाचा, हे कळलेच नाही तर जागा राखायची कुठवर? आजारी माणूस मालकाला समजू शकतो. काही न कळविता नाहीसा झालेला माणूस त्याला समजत नाही.

कारखान्यांच्या स्थायी आदेशांत असे कलम असे की, मंजूर रजा संपल्यावर आठ दिवसांत कामगार परतला नाही आणि त्याने कारणही दिले नाही, तर त्याचा जागेवरचा हक्क जातो. असल्या कलमांच्या आधाराने नावे परस्पर खोडली जात. १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, माणसाला आपली बाजू मांडण्याची संधी दिल्यावाचून त्याला असे काढता येत नाही. निकाल मोठा खरा. पण आमच्या चुलत्यांना त्याचा उपयोग नव्हता. त्यांना संधी दिलेली होती. ती देवाच्या फळीवर पडून होती.

आता पैशाचे पाहू. राज्य कामगार विमा योजना, म्हणजे कामगारांच्या तोंडची ‘ईएसआय’, १९४८ च्या कायद्याने आली आणि १९५२ साली कानपूर व दिल्ली येथे सुरू झाली. नोव्हेंबर २०२५ पासून ती नव्या सामाजिक सुरक्षा संहितेखाली गेली आहे. जुलै २०१९ मध्ये वर्गणी ठरली ती अशी: शंभर रुपये मजुरीमागे कामगाराचा पाऊण रुपया, मालकाचे सव्वातीन रुपये. या योजनेत साध्या आजाराला वर्षातून ९१ दिवसांपर्यंत मजुरीच्या शेकडा ७० इतका भत्ता मिळतो. क्षय, कर्करोग, पक्षाघात अशा ३४ लांबणाऱ्या आजारांची वेगळी यादी आहे. पुरेशी नोकरी झालेली असली तर त्यांना शेकडा ८० प्रमाणे दोन वर्षांपर्यंत भत्ता आहे. भत्ता चालू असताना मालकाने कामगाराला काढू नये, अशी तरतूद १९४८ च्या कायद्यातच होती.

पण त्याच कायद्यात आणखी एक अट होती, आणि ती गावाकडच्या मंडळींनी नीट ऐकावी. भत्ता घेणाऱ्याने विमा डॉक्टरांच्या परवानगीवाचून उपचाराचा भाग सोडून जाऊ नये! चुलत्यांनी रात्रीची गाडी धरली ती कोणाला न विचारता. तेव्हा गावी जायचेच असेल, तर आधी डॉक्टरांची लेखी परवानगी घ्यावी आणि मग गाडीत बसावे.

आपल्यापैकी कित्येकजण स्वतःही मालक आहेत. दूध संघाच्या, पतपेढीच्या, शिक्षणसंस्थेच्या मंडळावर आपण बसता. एखादा कर्मचारी महिनाभर आला नाही की सभेत पहिला प्रश्न येतो, ‘याला ठेवायचा किती दिवस?’ त्याआधी कोणीतरी त्याच्या घरी जाऊन यावे. चुलत्यांच्या खात्यात आमच्याच वाडीचे दोघे कामाला होते. त्यांना कोणी एका शब्दाने विचारले नाही. पत्र त्याला वाचता येईल अशा मराठीत लिहावे. त्याच्या जागी माणूस घेताना ठरावीक मुदतीचा घ्यावा, म्हणजे पुढे दोघांचीही फसगत होत नाही. डॉक्टरांना रोगाचे नाव विचारण्यापेक्षा, हा कोणते काम करू शकेल आणि कधीपासून, हे विचारावे. क्षयाचा रोगी योग्य औषधे सुरू झाल्यावर बहुधा काही आठवड्यांतच दुसऱ्याला रोग देईनासा होतो, तरी सहकारी त्याच्याजवळ बसायला वर्षभर कचरतात. १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाने एचआयव्हीच्या बाबतीत निकाल दिला की, काम करण्यास जो समर्थ आहे त्याला केवळ त्या कारणावरून काम नाकारता येणार नाही. आणि सरकारी नोकरीत असताना कोणाला अपंगत्व आले, तर त्याला काढू नये, झेपेल अशा दुसऱ्या जागी त्याच पगारावर न्यावे, असे २०१६ चा कायदा सांगतो. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांनी हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती आहे. गावात कोणी दुखणेकरी येऊन राहिला तर त्याच्याकडे एकदा डोकावा आणि टपालाने काही आले आहे काय, हे विचारा. उत्तर चार ओळींचे पुरे: नाव, हजेरी क्रमांक, आजारी कधीपासून, डॉक्टरांनी विश्रांती कोणत्या तारखेपर्यंत सांगितली आहे. सोबत दाखल्याची नक्कल, मूळ दाखला घरी. ती तारीख उलटण्याआधी नवा दाखला आणि नवे पत्र. मोबाइलवर फोटो पाठवला असला तरी कागद पाठवावाच. रजिस्टर टपाल २०२५ मध्ये स्पीड पोस्टात मिळवले गेले, तेव्हा आता स्पीड पोस्टाने पाठवावे आणि पावती दाखल्याला टाचून ठेवावी.