ताफ्यातील शेवटचा स्वार



नवरात्राच्या आरंभी अनेक गावांतील तरुण मंडळे तुळजापूरहून ज्योत आणतात. शिवजयंतीस गडावरून ज्योत आणण्याची प्रथाही रूढ झाली आहे. ज्योत घेऊन धावणारा एक असतो, त्याच्या मागेपुढे मोटारसायकलींचा ताफा असतो. पावसाळ्यात हेच तरुण ताम्हिणी, माळशेज, आंबोली ह्या घाटांत जमावाने जातात. ह्या उत्साहास कोणी बोल लावणार नाही. परंतु एकट्याने मोटारसायकल चालविणे आणि दहाजणांनी मिळून चालविणे ह्या भिन्न गोष्टी होत. परवान्यासाठी परीक्षा होते ती पहिलीची. दुसरी तरुण आपापसांत पाहूनच शिकतात आणि बहुधा चुकीची शिकतात.

ताफ्यातील धोका पुढच्यास दिसत नाही, कारण तो मागे वाढत असतो. म्होरक्या ताशी ५४ किलोमीटर, म्हणजे सेकंदास १५ मीटर, अशा बेताच्या वेगाने चालला आहे असे समजावे. समोरून एसटी आली म्हणून शेवटचा स्वार अरुंद पुलाशी २० सेकंद थांबतो. तेवढ्यात तो ३०० मीटर मागे पडतो. पुढच्यांना गाठण्यासाठी त्याने वेग ताशी ७२ किलोमीटर केला, तरी त्यास एक मिनिट लागते आणि त्या मिनिटात तो १,२०० मीटर रस्ता ह्या चढ्या वेगाने कापतो. घाटात तेवढ्या अंतरात किती वळणे येतात हे घाट चढलेल्यास सांगावयास नको. शिवाय मागे राहतो तो बहुधा नवशिकाच. त्याची गाडी जुनी असते आणि पाठीशी कोणी बसलेला असतो.

यास्तव नवशिक्यास म्होरक्याच्या लगेच मागे ठेवावे आणि शेवटी जाणता स्वार असावा. प्रत्येकाने आरशातून आपल्या मागच्यावर नजर ठेवावी. तो दिसेनासा झाला की वेग कमी करावा. मग पुढचाही आपोआप मंदावतो. फाटा आला की मागचा दृष्टीस पडेपर्यंत तेथेच, रस्त्याच्या बाहेर, थांबावे. पुढे कोणीतरी थांबलेले असेल अशी खात्री असली म्हणजे मागच्यास धावाधाव करण्याचे कारण उरत नाही.

सरळ रस्त्यावर पहिल्याने आपल्या बाजूच्या उजव्या भागातून, दुसऱ्याने डाव्या भागातून आणि तिसऱ्याने पुन्हा पहिल्याच्या रेषेत चालावे. एका रेषेतील दोघांत किमान दोन सेकंदांचे अंतर हवे. पाऊस असल्यास त्याहून अधिक. वळणावर, पुलावर आणि बाजारपेठेत मात्र एकामागे एकच. गप्पा मारीत जोडीने चालणाऱ्यांस खड्डा किंवा कुत्रे चुकविण्यास जागाच राहत नाही. ताफा मोठा असेल तर पाच-पाचांचे गट करावेत आणि दोन गटांत एसटी शिरू शकेल एवढी मोकळीक ठेवावी.

ट्रकच्या पुढे जाताना म्होरक्या हात हलवून मागच्यास ‘ये’ म्हणतो. हा सर्वांत घातक शिष्टाचार होय. म्होरक्याने पाहिलेला मोकळा रस्ता मागचा निघेपर्यंत मोकळा राहिलेला नसतो. प्रत्येकाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहूनच पुढे जावे.

ज्योतीचा प्रवास रात्रीचा असतो, म्हणून तेथे अधिक दक्षता हवी. धावणाऱ्याच्या मागे दिवे लावलेला टेम्पो असावा आणि मोटारसायकलींनी त्याच्या मागेच राहावे. एका गाडीवर तिघे बसणे ही तर नित्याचीच बाब झाली आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ अन्वये चालकामागे एकासच बसता येते आणि हेल्मेट दोघांनाही लागते. डोक्यास भगवा फेटा बांधला म्हणजे हेल्मेट नको, ही समजूत डांबरी रस्त्यास मान्य नाही! सायलेन्सर काढून रात्री परगावांतून जाणाऱ्यांनी तेथील आजारी माणसांचा आणि तान्ह्या मुलांचा विचार करावा, हे मंडळाच्या बैठकीत वडीलधाऱ्यांनीच सांगावयास हवे.

अपघात घडलाच तर सर्वांनी जखमीभोवती गर्दी करू नये. दोघांनी वळणाच्या अलीकडे-पलीकडे जाऊन येणारी वाहने थांबवावीत आणि एकाने १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. जखमीचा श्वास मोकळा असेल तर त्याचे हेल्मेट ओढून काढू नये. सद्भावनेने मदत करणाऱ्यास २०१९ च्या सुधारणेने कायद्याचे संरक्षण मिळाले आहे. तेव्हा पोलिसांच्या धास्तीने कोणी काढता पाय घेऊ नये.

ताफा निघण्यापूर्वी ग्रामपंचायतीने जाणाऱ्यांची नावे आणि घरचे दूरध्वनी क्रमांक लिहून घ्यावेत व त्याची एक प्रत शेवटच्या स्वाराजवळ द्यावी. त्याच वेळी परवाने पाहावेत. अठरा वर्षांखालील मुलाच्या हाती मोटारसायकल देऊन गुन्हा घडल्यास पालकास अथवा मालकास ३ वर्षांपर्यंत कारावास आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. ही तरतूद शिक्षकांनी नवरात्रापूर्वीच्या पालकसभेत वाचून दाखवावी. पुष्कळ घरांत ती अद्याप पोहोचलेली नाही.