हजेरीचा अंगठा



अंगठ्याचा ठसा आणि श्रमाचा करार यांचे नाते आपल्या देशात जुने आहे. १८५८ साली बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने रस्त्याच्या खडीच्या करारावर राज्यधर कोनाई या कंत्राटदाराच्या पंजाचा ठसा घेतला. करार पुढे नाकारला जाऊ नये, हा त्यामागील हेतू. आज तशाच ठशाने कार्यालयाच्या दाराशी हजेरी लागते. केंद्र शासनाच्या कार्यालयांत २०१४ पासून आधारवर आधारित हजेरी सुरू झाली. कोरोनाच्या साथीत मार्च २०२० मध्ये ती थांबविण्यात आली व नोव्हेंबर २०२१ मध्ये पुन्हा सुरू झाली.

या यंत्राचा लाभ नाकारण्याचे कारण नाही. दुसऱ्याच्या नावे सही करण्याच्या गैरप्रकारास त्यामुळे आळा बसतो. परंतु बोटावरील रेषा कोठे संपतात आणि कोठे दुभंगतात, एवढेच यंत्र पाहते. माती, सिमेंट व साबण यांत ज्यांचे हात झिजले, त्यांच्या रेषा पुसट होतात. म्हणजे ज्याने अधिक कष्ट उपसले, त्याचीच ओळख यंत्राला पटेनाशी होते! चारदा बोट टेकवूनही नकार मिळाला, की दिवसाच्या मजुरीची धास्ती मनात घर करते. अशा वेळी मस्टरवरील सहीचा मार्ग मोकळा ठेवणे ही मेहेरबानी नव्हे, ते कर्तव्य होय.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की यंत्र येण्याची वेळ नोंदते तशी जाण्याचीही नोंदते. सकाळच्या दहा मिनिटांच्या उशिराचा जाब विचारला जातो. सायंकाळी दोन तास अधिक राबलेल्याची नोंद सहसा कोणी पाहत नाही. कारखान्यातील जादा कामास दुप्पट वेतन, हे तत्त्व १९४८ च्या कारखाने अधिनियमाने मान्य केले होते. त्यामागील न्यायबुद्धी कार्यालयांनीही बाळगावी. मुलांचा अभ्यास, घरातील आजारी माणूस, शेताचे पाणी, हीदेखील कर्मचाऱ्याची कामेच आहेत.

सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. हरवलेल्या किल्लीचे कुलूप बदलता येते, अंगठा बदलता येत नाही. म्हणून ठसे कोठे साठविले जातात, ते कोण पाहू शकतो आणि नोकरी संपल्यावर त्यांचे काय होते, हे कर्मचाऱ्यास त्याच्या भाषेत सांगितले पाहिजे.

प्रत्येक कार्यालयप्रमुखाने महिनाअखेरीस हजेरीचे दोन्ही रकाने वाचावेत, येण्याचा आणि जाण्याचाही. तसे झाले तर हे यंत्र कर्मचाऱ्यावरील पहारेकरी न राहता त्याच्या श्रमाचा साक्षीदार ठरेल.