वाटोळी गादी

मराठी भाषेने गोल आकाराला फारसा न्याय दिलेला नाही. एखाद्या कामाचे ‘वाटोळे झाले’ म्हटले, की ते काम बुडाले असे समजावे. परंतु ज्या गृहिणीने स्टुलाची गोल गादी घरच्या घरी नव्याने शिवण्याचा घाट एकदा तरी घातला असेल, तिला या वाक्प्रचाराचे हसूच येईल. सरळ उभ्याआडव्या धाग्यांच्या कापडातून खरेखुरे वाटोळे साधणे हीच त्या कामातील सिद्धी; आणि ती सहजासहजी लाभत नाही.

बंगळूरच्या राजाजीनगरातील एखादे मराठी घर डोळ्यांपुढे आणावे. चक्रवर्ती राजगोपालाचारी यांचे नाव धारण करणारी ही वसाहत 1949 साली आकारास येऊ लागली. कारखाने आणि राहती घरे जवळजवळ नांदावीत, हा तिच्या रचनेमागील हेतू. 2014 सालापासून तिच्या अंगावरून मेट्रो धावते आहे. येथे मराठी बोल कानी पडावेत यात नवल नाही. 1638 साली विजापूरच्या फौजेने बंगळूर घेतले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. रंगाऱ्याचा व शिंप्याचा व्यवसाय करणारी भावसार क्षत्रिय कुटुंबेही कर्नाटकात रुजली. व्यवहारात कानडी आणि चुलीपाशी मराठी, असा त्यांचा संसार. सुईची आणि मराठीची सोबत या प्रदेशात जुनी आहे.

तर अशा घरातील एक बुटके गोल स्टूल. त्यावर बसून घरचे कर्ते पुरुष रोज सकाळी बूट चढवीत आणि कामावर जात. आज ते नाहीत. स्टूल आहे, आणि वरची गादी मध्यभागी खचून ताटलीसारखी झाली आहे. सून म्हणते, “आई, टाकून देऊ या आता. बाजारात नवी मिळेल.” सासूबाई म्हणतात, “अगं, आधी उसवून तर बघ.”

उसवणे हे या कामातील पहिले शिक्षण होय. जुना अभ्रा टाकावयाचा नसतो. तोच नव्याचा नमुना असतो. पात्याने टाके अलगद सोडवावेत, तुकडे सपाट करावेत, म्हणजे पूर्वीच्या कारागिराने काय केले ते कळते. आत मात्र बहुधा निराशा पदरी येते. एके काळी गादीत कापूस असे. तो दबला की पिंजारी दारी येई, धनुकलीचा टणत्कार गल्लीभर घुमे, आणि तोच कापूस पुन्हा फुलून गादीत जाई. 1929 साली डनलप कंपनीत रबराच्या चिकाचा फेस घट्ट करण्याची रीत निघाली आणि ‘डनलप’ हा शब्द आपल्याकडे गादीचेच नाव होऊन बसला. 1937 साली जर्मनीत ओटो बायर यांनी पॉलियुरेथेनचे रसायन शोधले. आजचा स्वस्त, हलका फोम त्यातून आला. उजेड आणि हवा यांनी हा फोम पिवळा पडतो, ठिसूळ होतो, आणि अखेर त्याची पूड हाती येते. ती पिंजून फुलवणारा कोणी नाही. म्हणून फोम बदलावा लागतो. परंतु बदलावयाचे ते तेवढेच. स्टूल धड असते, फळी धड असते. एका खचलेल्या फोमापायी सगळे भंगारात घालणे हा व्यवहार नव्हे.

पुढचे काम गणिताचे आहे. गादीचा व्यास 16 इंच धरला, तर तिचा घेर सुमारे सव्वापन्नास इंच भरतो. दोन इंच जाडीच्या फोमवर दोरा आणि खडू घेऊन वर्तुळ आखावे व धारदार सुरीने ते कापावे. वर कापसाचा पातळ थर दिला म्हणजे कडा मऊ राहते. कापडाची वर्तुळे दोन, परंतु ती 16 इंचांची नव्हेत, 17 इंचांची. कडेची पट्टी तीन इंच रुंद आणि जोडासह सव्वाएकावन्न इंच लांब. गोट घालावयाचा तर त्याचे कापड उरेब कापावे. सरळ कापलेली पट्टी वळणावर चुरगळते, उरेब पट्टी आपण होऊन वळते.

खरी कसोटी पट्टी वर्तुळाला जोडताना लागते. कापलेल्या वर्तुळाचा घेर 53 इंचांहून अधिक असतो, टीप मात्र त्याच्या आतून, सव्वापन्नास इंचांवर पडते. पट्टीची सरळ कड त्या बाहेरच्या घेरापर्यंत पोहोचत नाही आणि कापड ओढले जाते. यावर उपाय साधा आहे: पट्टीच्या कडेला थोड्या थोड्या अंतरावर लहान कातरे द्यावेत, ते टिपेच्या अलीकडेच थांबावेत. वर्तुळ व पट्टी यांवर चार-चार खुणा करून त्या एकमेकींशी जुळवाव्यात, म्हणजे चूक एका जागी साठत नाही. खालच्या बाजूस अर्धा घेर उघडा ठेवावा, फोम आत सारावा, आणि शेवटचे टाके हाताने घालावेत.

सून प्रथम घाई करते, पट्टी अपुरी पडते, टीप पुन्हा उसवावी लागते. दुसऱ्या खेपेस गादी बसते. तोवर सासूबाईंनी जुन्या अभ्र्याचा तुकडा उलटा करून तिच्यापुढे धरलेला असतो. कडेला अर्धा इंच कापड आत दुमडलेले, इतक्या वर्षांनीही रंग न विटलेले.

या दुमडलेल्या कापडाला शिंप्यांच्या बोलीत ‘माया’ म्हणतात. ती बाहेरून दिसत नाही, मापात धरली जात नाही. परंतु तीच नसेल तर टीप कापडाला धरून राहत नाही, आणि उसवलेले पुन्हा जोडता येत नाही. 16 इंचांसाठी 17 इंच कापावे लागतात ते या मायेसाठी. स्टुलावर आता सूनबाईच्या हातची नवी गादी आहे. तिच्या आतही अर्धा इंच माया आहे. पुढे केव्हातरी कोणी ती उसवील, तेव्हा त्याला ती सापडेल.