सगळे क्रीडमूर घेतात, मग .२६० कशाला?

आजचा विषय आपल्या नेहमीच्या कोड आणि करिअरच्या थोडा बाहेरचा आहे: लांब पल्ल्याची नेमबाजी. पण आतला प्रश्न ओळखीचाच वाटेल. सगळं जग जे वापरतं ते घ्यायचं, की आपल्याला पटलेलं पण फारसं कुणी वापरत नाही ते घ्यायचं?

मी टेक्सासमध्ये राहतो. ऑफिसमधले एक सीनियर आहेत, साठी ओलांडलेले. त्यांना मी काका म्हणतो, आणि त्याचा अर्थही त्यांना सांगून ठेवलाय. महिन्यातून एक रविवार आम्ही चांदमारीवर जातो. आधीच सांगतो, मी नेमबाज नाही. मी व्हिसावर आहे, आणि काही अपवाद सोडले तर व्हिसावरच्या माणसाला इथे बंदूक बाळगायला कायद्याने बंदी आहे. मी स्कोअर लिहितो, आणि खाली खंदकात उभा राहून टार्गेट वर-खाली ओढतो. तिथून गोळ्या डोक्यावरून जाताना टाळी वाजल्यासारखा आवाज येतो. पहिल्या दिवशी मी प्रत्येक टाळीला दचकत होतो.

काका एफ-क्लास खेळतात. पालथं झोपायचं, रायफल पुढे टेकूवर ठेवायची, दुर्बीण लावायची आणि १००० यार्डांवर, म्हणजे ९१४ मीटरवर नेम धरायचा. तिथे दहा गुणांचं वर्तुळ आहे १० इंचांचं. जेवणाचं ताट समजा, जवळजवळ एक किलोमीटर लांब ठेवलेलं.

मागच्या वर्षी काकांच्या रायफलची नळी झिजली. हो, नळी झिजते. प्रत्येक बाराला गरम वायू आतला पोलाद थोडा थोडा खात जातो. आता नवी नळी बसवायची तर कुठल्या काडतुसाची? त्यांची जुनी होती .२६० रेमिंग्टन. रेंजवर आजूबाजूला बघाल तर ६.५ क्रीडमूर जिकडे तिकडे. काका मला म्हणाले, "तू इंजिनिअर आहेस ना, हिशोब करून दे."

मी एका संध्याकाळी स्प्रेडशीट केली. सोबत तुलनेसाठी जुनं, सगळ्यांना माहीत असलेलं .३०८ विंचेस्टर घेतलं, १९५२ सालचं. ताशी १० मैलांचा आडवा वारा असेल तर १००० यार्डांवर .३०८ ची १७५ ग्रेनची गोळी साधारण आठ फूट बाजूला सरकते. ६.५ ची १४० ग्रेनची लांब, निमुळती गोळी साधारण सहा फूट. म्हणजे .३०८ सोडून ६.५ कडे जाण्यात अर्थ आहे, हे नक्की.

पण .२६० आणि क्रीडमूर यांच्यात? जवळजवळ शून्य फरक! कारण दोन्हींत गोळी एकच बसते, .२६४ इंच व्यासाची. हो, .२६० मध्येसुद्धा .२६४ चीच. काडतुसांची नावं म्हणजे अर्धं ब्रँडिंग असतं. एकदा नळीतून सुटल्यावर आपण कुठल्या पुंगळीतून निघालो हे गोळीला माहीत नसतं.

मग क्रीडमूर जिंकलं कसं? ही गोष्ट मला फार आवडते. .२६० आलं १९९७ मध्ये, रेमिंग्टनने आणलं ते मुख्यतः शिकारीसाठी. त्याची पुंगळी लांब, ५१.७ मिलिमीटर. आता टार्गेटची लांब गोळी तिच्यात बसवा आणि ते काडतूस छोट्या मॅगझिनमध्ये घालायला बघा. बसत नाही. मग गोळी पुंगळीत आत ढकलावी लागते आणि दारूची जागा जाते. हॉर्नडी कंपनीने २००७ मध्ये क्रीडमूर आणलं ते टार्गेटवाल्यांसाठीच. पुंगळी आखूड केली, ४८.८ मिलिमीटर, म्हणजे लांब गोळी घालूनही काडतूस मॅगझिनमध्ये मावतं. वर स्पर्धेच्या दर्जाची तयार काडतुसं परवडणाऱ्या भावात दुकानात ठेवली. घरी काडतूस न भरणारा माणूससुद्धा पहिल्या दिवशी खेळायला लागला. नावही झकास निवडलं: न्यूयॉर्कजवळच्या क्रीडमूर रेंजवर १८७४ मध्ये अमेरिकेने आयर्लंडला हरवलं होतं, त्या रेंजचं.

मी काकांना निकाल दिला: क्रीडमूर घ्या. सगळे तिकडे गेलेत, दुकानात माल आहे, .२६० म्हणजे मेंटेन न होणारी लायब्ररी आहे.

काका हसले. म्हणाले, "क्रीडमूर ज्या कारणाने जिंकलं, ते कारण मला लागू आहे का?"

आणि मी गप्प. कारण एफ-क्लासमध्ये काका एकेक काडतूस हाताने भरतात. मॅगझिनचा प्रश्नच नाही. गोळी हवी तेवढी बाहेर ठेवा, फक्त नळीचं तोंड त्या मापाने कापून घ्यायचं. दुकानातला मालही त्यांना नको, कारण ते प्रत्येक काडतूस घरी, वजन करून, स्वतः भरतात. म्हणजे क्रीडमूरचे दोन मोठे फायदे आणि काकांना दोन्ही निरुपयोगी.

पुढचा मुद्दा तर मला सुचलाच नव्हता. .२६० म्हणजे मुळात .३०८ चीच पुंगळी, मान अरुंद केलेली. २०२०-२१ मध्ये अमेरिकेत काडतुसांचा प्रचंड तुटवडा झाला होता, दुकानांची फळ्यावरची फळी रिकामी. तेव्हा काकांनी .३०८ खेळणाऱ्या मित्रांच्या वापरलेल्या पुंगळ्या गोळा केल्या, साच्यातून काढल्या, मानेची जाडी मापून नीट केली आणि खेळत राहिले. प्रायमर आणि दारू त्यांच्याकडे आधीचीच होती. वरवर .२६० दुर्मीळ दिसतं, पण त्याचा पाया जगातल्या सगळ्यात जास्त मिळणाऱ्या काडतुसांपैकी एकावर उभा आहे. माझ्या स्प्रेडशीटमध्ये हा कॉलमच नव्हता.

काकांनी .२६० चीच नळी बसवली. इथे गोष्ट संपली असती तर मी म्हटलं असतं, वेगळं घ्या, बिनधास्त घ्या. पण संपली नाही.

या वसंतात आम्ही चार तास गाडी चालवून एका मोठ्या स्पर्धेला गेलो. काकांनी त्यासाठी हिवाळाभर तयारी केली होती. पोहोचल्यावर डिकी उघडली, रायफल आहे, टेकू आहे, काडतुसांचा डबा नाही. तो घरी टेबलावर. आम्ही गावातली दोन दुकानं पालथी घातली. क्रीडमूरचे डबे रांगेने मांडलेले, .२६० चा एकही नाही. क्रीडमूरची नळी असती तर काका त्या दिवशी खेळले असते. कदाचित गुण कमी आले असते, पण खेळले असते. त्याऐवजी ते दिवसभर माझ्याबरोबर खंदकात टार्गेट ओढत उभे राहिले. परतीच्या वाटेत दोन तास आम्ही काहीच बोललो नाही. मग ते म्हणाले, "ही किंमत मला माहीत होती. भरायची वेळ आज आली एवढंच."

आपल्याकडे ही निवड बऱ्याचदा हातात नसते. .३०३ ही लष्कराची बोअर, इंग्रजांच्या काळापासून सामान्यांना बंद. म्हणून नागरी रायफलींत.३१५ बोअर रुळली. वेब सिरीजमधून ज्या ३१५ चं नाव तुम्ही ऐकता, ती हीच. आणि आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला कांस्यपदक जिंकलं त्या ५० मीटर प्रकारात सगळ्यांना .२२ च. तिथे नेमबाज कॅलिबर निवडत नाहीत, काडतुसांचा कुठला लॉट आपल्या नळीला मानवतो ते तपासत बसतात.

तर निवड हातात असेल तेव्हा काय विचारायचं? आधी नियम बघा. एफ-क्लासच्याच एफ-टीआर गटात फक्त .३०८ आणि .२२३ चालतात, तिथे चर्चाच संपली. मग विचारा, काडतुसं मी स्वतः भरणार आहे का? नसाल, तर गर्दी जिथे आहे तिथेच जा, त्यात कमीपणा नाही. भरणार असाल, तर पुंगळी कशापासून बनते ते बघा. आणि शेवटी काकांचा प्रश्न: लोकप्रिय वस्तू ज्या कारणाने लोकप्रिय झाली, ते कारण माझं आहे का?

जाता जाता स्प्रेडशीटमधला शेवटचा आकडा. वारा ओळखण्यात ताशी फक्त २ मैलांची चूक झाली तर .३०८ ची गोळी सुमारे १९ इंच चुकते आणि ६.५ ची सुमारे १४ इंच. ताटाच्या मध्यापासून कड आहे ५ इंचांवर. म्हणजे दहा गुण दोन्हीकडे गेले! काडतूस तुम्हाला पाच इंच देतं, बाकीचे इंच गवत कुठे झुकतंय हे बघूनच मिळवावे लागतात. काका नवीन पोरांना कॅलिबरबद्दल काही सांगत नाहीत. त्यांना ते रेंजवर बसवतात आणि अर्धा तास नुसतं झेंड्यांकडे बघायला लावतात.

आता डिकीच्या झाकणाला आतून एक चिठ्ठी चिकटवली आहे, माझ्या हस्ताक्षरात: "डबा?" काकांना मराठी वाचता येत नाही, पण एवढा एक शब्द ते ओळखतात.